फतेगंजातली बिनपाटीची खानावळ

पाटी शोधत बसू नका, पाटी नाहीच. बडोद्याच्या फतेगंजात चर्चच्या मागच्या अंगाला जी बोळ जाते, तिच्यात शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याचं एक दुकान आहे. त्याच्या बाजूनं लोखंडी जिना. साधारण सातव्या पायरीवर तळलेल्या लसणाचा वास येतो. आला तर वर या. नाही आला तर त्या दिवशी बंद आहे असं समजा आणि परत फिरा. उगाच बेल वाजवून घरातल्यांची दुपारची झोप मोडू नका.

पाटी का नाही, हे बडोद्यात राहणाऱ्याला सांगायला नको. इथं भाड्यानं जागा बघायला गेलं की भाड्याचा आकडा कळायच्या आधी ‘नॉनव्हेज तो नथी खाता ने?’ असा प्रश्न येतो. खानावळवाल्या बाईंचे घरमालक त्या मानानं देवमाणूस. म्हणाले, रांधा, विका, पण बोर्ड लावू नका. म्हणून चार वर्षं झाली, खानावळ एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानावर जात चालली आहे. हे लिहिण्याआधी मी विचारून घेतलं. ‘लिहा टीचर, पण नाव नको,’ असं उत्तर आलं. तेव्हा नाव नाही. आम्ही सगळे त्यांना बाय म्हणतो, तुम्हीही म्हणा.

लिहिणारी कोण ते सांगते, म्हणजे माझ्या जिभेवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मी दांडिया बाजारातली, माहेरही तिथलंच आणि सासरही. जातीनं कायस्थ प्रभू, म्हणजे माशाबद्दल बोलायचा हक्क जन्मसिद्ध. सासूबाई सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, बरणी देव्हाऱ्याच्या खालच्या कपाटात ठेवायच्या, तिथं कोणी हात घालणार नाही म्हणून. एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, आणि शाळामास्तरांच्या नशिबी असतं तसं १९९१, २००१ आणि २०११ अशा तिन्ही जनगणनांना वही घेऊन जिने चढले. गेरूनं घरांवर नंबर घातले, नजरी नकाशे काढले, ‘कुटुंबप्रमुख कोण’ विचारून नवरा-बायकोची भांडणं लावली. तेव्हापासून खोड लागली आहे. कुठंही बसलं की माणसं मोजते आणि कोण कुठला ते मनातल्या मनात रकान्यात भरते.

बायच्या खोलीत दोन टेबलं आणि आठ खुर्च्या. मागच्या रविवारची गणना अशी: विद्यापीठातले मणिपूरचे दोघे विद्यार्थी, एक मल्याळी नर्स, रेल्वेच्या प्रशिक्षणाला आलेला बंगाली तरुण (तो काटे काढतो ते बघण्यासारखं असतं), आपल्यातलं एक मराठी निवृत्त जोडपं सलाटवाड्यातलं, मी आणि आमचे हे. आठ माणसं, निदान चार मातृभाषा. गुजराती एकही नाही असं वाटेल, पण तसं नाही. ते पार्सल नेतात, काळ्या पिशवीत, आणि जिना उतरताना आधी बोळीत दोन्हीकडं बघतात. बाय म्हणतात, अर्धा धंदा काळ्या पिशवीचा आहे.

आता जेवण. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मासे. बाकीच्या दिवशी साधी थाळी १८० रुपयांना, ती ठीक आहे, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. मासळी थाळी २८०. तीत तळलेली एक तुकडी, एक कालवण, सुक्या माशाचं काहीतरी, भात, दोन तांदळाच्या भाकऱ्या आणि सोलकढी.

बोंबलांपासून सुरुवात करते, कारण मी तिथूनच सुरुवात केली. ओला बोंबील म्हणजे निम्मं पाणीच. आमच्याकडं तो पाट्याखाली दाबून, पाणी काढून, मग तळतात. बाय दाबत नाहीत. मीठ लावून चाळणीत तिरपा ठेवतात, तासाभरानं नुसत्या तांदळाच्या पिठात घोळवतात आणि कमी तेलात, झाकण न ठेवता, हलवायला हात न लावता तळतात. वरून कुर्रर, आत लोण्यासारखा. तोंडात घातला आणि मला माझ्या सासूबाईंचा बोंबील कमी वाटला, हे मी घरात बोलले नाही, इथं लिहिते. मजा म्हणजे बाय वसईच्या, पण हा बोंबील वसईचा नाही. तो जाफराबादहून येतो, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून, बर्फात. पापलेट, सुरमई वेरावळची. मुंबईच्या उत्तरेकडच्या वसईची बाई बडोद्यात बसून सौराष्ट्राचा ‘बुमला’ वसईच्या पद्धतीनं तळते. ह्याला कुठल्या रकान्यात घालायचं?

बाय वसईच्या. तिथल्या पश्चिमेच्या, म्हणजे समुद्राकडच्या गावातल्या. अंकल, म्हणजे त्यांचे यजमान, रिफायनरीत नोकरीला लागले म्हणून तीस-बत्तीस वर्षांपूर्वी इथं आल्या. मी पहिल्या दिवशी खोडीप्रमाणं विचारलं, ‘तुम्ही ईस्ट इंडियन का?’ त्यांनी भाकरी थापता थापता मान हलवली. ‘ते मुंबईवाले. आम्ही कुपारी.’ त्यानंतर चार-पाच रविवार मिळून मला त्या एका शब्दाचा अर्थ कळला. सामवेदी ब्राह्मणांतले जे लोक पोर्तुगिजांच्या काळात ख्रिस्ती झाले, त्यांची ही जात. नाव पडलं ते ‘कोंपाद्रे’ या पोर्तुगीज शब्दावरून असं सांगतात. बाप्तिस्म्याच्या नात्यानं झालेला सोयरा, असा त्याचा अर्थ. आडनावं पोर्तुगीज, म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर लाल चौकड्यांचं लुगडं, आणि घरात बोलतात ती कादोडी. बाय फोनवर भावाशी बोलतात तेव्हा मला दहातले सहा शब्द कळतात. त्यातले दोन आमच्या आजीचे निघतात.

‘ईस्ट इंडियन’ हे नाव मुंबईच्या आसपासच्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा घेतलं. गोव्याहून आणि मंगळूरहून नोकऱ्यांसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, इथले, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या वेळेपासूनचे, हे सरकारला कळावं म्हणून. म्हणजे तेव्हाही प्रश्न हाच होता, आधीचे कोण आणि नंतरचे कोण. आणि उत्तर देणाऱ्याला नोकरी हवी होती.

पण मसाला मात्र दोघांचा एकच, बाटलीचा. एप्रिल-मे महिन्यात वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवायचे, भाजायचे, कांडायचे आणि गडद रंगाच्या बिअरच्या बाटलीत दाबून भरायचे, म्हणजे उजेड लागत नाही आणि वर्षभर रंग टिकतो. इथं बायची पंचाईत झाली. दारूबंदीच्या राज्यात खिडकीत बिअरच्या बाटल्या ओळीनं मांडून ठेवल्या तर शेजारी काय म्हणतील? पहिल्या वर्षी त्यांनी सरबताच्या बाटल्या वापरल्या, आणि मसाला सप्टेंबरातच फिका पडला. आता भाऊ वसईला भरतो आणि कोणी येणारा-जाणारा चादरीत गुंडाळून आणतो. रिकाम्या बाटल्या परत जातात. रेल्वेत कोणी पिशवी उघडली तर काय सांगायचं, ह्याची अंकलनी एक गोष्ट तयार ठेवली आहे, ती त्यांच्याच तोंडून ऐका.

ह्या मसाल्याचं कोलंबीचं कालवण रविवारी असतं. तिखट आहे, पण तिखटाच्या मागून दालचिनी येते आणि सगळ्यात शेवटी किंचित कडसर काहीतरी. काय ते बाय सांगत नाहीत. नारळ बेताचा. आमच्या कायस्थी कालवणाला जो जाडपणा असतो तो नाही, म्हणून पहिल्यांदा ‘पातळ’ म्हणून मी नाक मुरडलं होतं. भात कालवल्यावर मत बदललं.

फुगे फक्त सणाला. मैद्याचे, आंबवलेले, तळलेले, लिंबाएवढे गोल. वसईत पीठ ताडीनं आंबवतात. इथं ताडी कुठली, यीस्टनं भागवतात, आणि तो फरक जाणवतो. यीस्टचे फुगे पावाच्या बाजूला झुकतात. बाय हे स्वतःच सांगतात. ह्या बाईंचा मला आवडणारा गुण हाच, आपला पदार्थ कुठं कमी पडला ते गिऱ्हाइकाच्या आधी त्या बोलतात.

आणि जानेवारीत उकडहंडी. हिच्यासाठी मी शाकाहारी लोकांनाही हा जिना चढायला सांगेन (काळी पिशवी लागणार नाही). कोनफळ, करांदे, रताळी, वालाच्या शेंगा, वांगी, ओला लसूण, खोबरं, सगळं मातीच्या हंडीत तोंड बंद करून वाफेवर. हंडी उघडली तेव्हा मी म्हटलं, ‘अहो बाय, हे तर उंधियू!’ त्या म्हणाल्या, ‘तुमचं उंधियू तेलात पोहतं. आमचं नाही.’ खरं आहे. मुठिया नाहीत, तेल नावाला, गोडी भाज्यांचीच. नावांचा मात्र घोळ झाला. मी बडोद्याची, माझ्या डोक्यात गुजराती रताळू म्हणजे जांभळं कोनफळ, आणि मराठी रताळ्याला इथं शक्करिया म्हणतात. बायनी ‘रताळं वाढू?’ विचारलं, मी हो म्हटलं आणि ताटात भलतंच आलं. सगळी हयात बडोद्यात काढलेल्या मराठी माणसाची ही नेहमीची फजिती आहे. आम्ही भाजी चिरतो न म्हणता गुजरातीसारखं ‘समारतो’ म्हटलं की पुण्याची भाची अजून हसते.

वालाची शेंग डहाणूकडं एका नावानं, सुरतेला दुसऱ्या नावानं. किनारा मात्र एकच. बायच्या ताटात मला तो सलग दिसतो. एक बाजू जाफराबाद, एक वसई.

आता थोडं विषयांतर, पण ते जेवणाशीच जोडलेलं आहे. फ्रिजवर वर्तमानपत्रातून कापलेला एक फोटो आहे, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचा. २०१८ च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन आपल्या बडोद्यात भरलं, तेव्हा मी भोजनमंडपात कुपनं फाडायच्या कामावर होते. दोन वर्षांनी उस्मानाबादच्या संमेलनाला वसईचे हे फादर अध्यक्ष झाले. मी हे बायना मोठ्या कौतुकानं सांगायला गेले. त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडं ते आधी झाडांसाठी आणि पाण्यासाठी रस्त्यावर उतरले, पुस्तकं नंतर.’ हरित वसईचं आंदोलन त्यांनी बघितलेलं, माहेरच्या अंगणातून. २०२४ च्या जुलैत फादर गेले त्या दिवशी खानावळ बंद होती. सातव्या पायरीवर वास नव्हता, मी परत फिरले.

ते आंदोलन कशासाठी होतं, हे मला गेल्या वर्षी फेब्रुवारीत डोळ्यांनी दिसलं. बायच्या भावाकडं लग्न होतं, मला म्हणाल्या, ‘चला टीचर, तुम्हाला मोजायला माणसं देते.’ गेले. वसई रोडला थांबणारी गाडी पकडली तर बडोद्याहून पाच तासांच्या आतबाहेर. गाडीत अंकल म्हणाले, ‘पूर्वी आमच्या ह्या रेल्वेच्या नावातच तुमचं गाव होतं.’ बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया! आम्ही आयुष्यभर बीबीसीआय म्हणत आलो, पण मधल्या ‘बी’कडं लक्ष जात नाही. ह्याच कंपनीनं १८६७ च्या एप्रिलात विरारहून मुंबईला पहिली लोकल सोडली. बायचे वडील त्या मार्गानं पहाटेच्या गाडीत मोगऱ्याच्या आणि भाजीच्या टोपल्या घेऊन दादरला जायचे. मुंबईच्या उपनगरांत दारोदार भाजी घेऊन येणाऱ्या बाईला ‘वसईवाली’ म्हणतात, ती ह्याच गावांतली.

स्टेशनाबाहेर पडल्यावर माणिकपूरपर्यंत मला कुठंच वसई दिसली नाही. इमारती, दुकानं, क्लासच्या जाहिराती, बोरिवली असती तरी चाललं असतं. २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर ह्या नगरपालिका आणि आजूबाजूची गावं मिळून एक महानगरपालिका झाली, आणि २०११ ला आम्ही इथं बडोद्यात १६ लाख ७० हजार माणसं मोजत होतो तेव्हा तिकडं १२ लाखांच्या वर भरली. मुंबईत घर परवडेना म्हणून आलेला मराठी कारकून, कोकणी चाकरमानी, उत्तर प्रदेशचा सुतार, राजस्थानचा दुकानदार, आपला कच्छी आणि काठियावाडी, सगळे त्या लोकलच्या दोरीला धरून तिथं उतरले. पालिकेत यायचंच नाही म्हणून गावं भांडली. २९ गावं वगळायची की ठेवायची हा वाद वर्षानुवर्षं चालला.

मग गिरीजच्या बाजूला रिक्षा वळली आणि एकदम केळी, नारळ, कोपऱ्या-कोपऱ्यावर पांढरा क्रूस, आणि वाडीत पाण्यानं भरलेला चौकोनी खड्डा. त्याला बावखल म्हणतात. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि खाऱ्या पाण्याला विहिरीपासून लांब ठेवतं. समुद्र अर्ध्या कोसावर आणि विहीर गोडी, त्याचं गुपित हे. बायचा भाऊ मला तीन बावखलं दाखवायला घेऊन गेला. एकात पाणी होतं, एकात डेब्रिज, आणि तिसऱ्यावर गाड्या उभ्या होत्या. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून लांबच्या गाड्या अडकल्या होत्या, आठवत असेल. ‘पाण्याला बसायला जागाच ठेवली नाही,’ भाऊ म्हणाला. मी काय बोलणार? २०२४ च्या ऑगस्टात आमच्या विश्वामित्री नदीनं अर्धं बडोदं बुडवलं, त्यात मगरींसकट. तेव्हा बायची खानावळ पाच दिवस बंद राहिली. सहाव्या दिवशी जवळ्याची चटणी आणि भात एवढंच होतं, आणि पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नघरात गडबड होती म्हणून मी गल्ली मोजली. बावीस दारं. नऊ घरांत मूळ माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. चार घरांना कुलूप, किल्ल्या बायच्या भावाकडं खिळ्याला टांगलेल्या. मालक कॅनडात, कुवेतला. सहा घरांत भाडेकरू. उरलेली तीन पाडून तिथं चार मजले उठत होते. कोपऱ्यावरचा किराणावाला अमरेलीकडचा निघाला. मी गुजरातीत बोलले तर साखर मोजून देता देता हातच थांबला त्याचा, चहा पाजला. बावीस वर्षं तिथं आहे, मुलं मराठी शाळेत शिकली, आणि नाताळात क्रूसावर दिवे लावायला वर्गणी देतो. संध्याकाळी भुईगावच्या समुद्रावर सुरूच्या झाडांखाली शंभरएक माणसं बसली होती. त्यातलं गावातलं कोण हे मला ओळखता आलं नाही. बायला येत होतं, चालीवरून.

लग्नाच्या जेवणात एक नातेवाईक पोरगा शेजारी बसला होता, बी.कॉम.ला. मी विचारलं, २०११ ला मातृभाषा काय लिहिली होती? ‘पप्पांनी मराठी सांगितलं. ह्या वेळी मी कादोडी सांगणार.’ २०२७ च्या फेब्रुवारीत माणसं मोजतील तेव्हा. मी त्याला सांगितलं, ठासून सांग, माणूस जे सांगेल तेच लिहायचं असतं, आम्हाला प्रशिक्षणात तसंच बजावलं होतं. बडोद्याला परत आल्यावर नातीला हाच प्रश्न घातला. ती म्हणाली, ‘आजी, एकच सांगायची का?’

अजून एक प्रसंग लिहायचा आहे, मग तक्रारी. एकदा जेवताना मी रंगात येऊन चिमाजी अप्पांची वसई सांगायला लागले. सातवीला दरवर्षी शिकवलेला धडा, १७३९ चा मे महिना, सगळं तोंडपाठ. आमचे हे मला नारोशंकराची घंटा म्हणतात, आवाजावरून. ते त्यांनी तेव्हाही म्हटलं. बाय वाढता वाढता थांबल्या. ‘ती घंटा नाशिकला आहे ना? ती आमच्याकडची आहे, टीचर.’ आणि मग म्हणाल्या, ‘तेव्हा आमची माणसं किल्ल्याच्या आतही असतील आणि बाहेरही.’ एवढं बोलून त्यांनी मला आणखी एक बोंबील वाढला. त्याचे पैसे लावले, ते वेगळं.

तक्रारी. भात नेहमी एक शिट्टी जास्त झालेला असतो. हे मी तोंडावर सांगितलं आहे, फरक पडलेला नाही. सोलकढी पातळ, आणि कधीकधी आमसुलं जुनी असतात. जिना पावसात निसरडा होतो, गुडघेदुखीवाल्यांनी जून ते सप्टेंबर पार्सलच घ्यावं. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा ताजी मासळी नसते. काही गिऱ्हाइकं ह्यावर नाराज होतात, मी नाही. सुके बोंबील घातलेली वांग्याची भाजी ही पावसाळ्याचीच गोष्ट आहे, आणि बर्फातला जुना पापलेट ताजा म्हणून विकणारी हॉटेलं मी बघितली आहेत. भाव आधी विचारून घ्या. मोठी मासळी असली की थाळीचे पन्नास-साठ रुपये वाढतात आणि ते बिलाच्या वेळीच कळतं. लेंटच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत शुक्रवार पूर्ण बंद.

घरपोच मागवू नका. हा सल्ला अनुभवाचा आहे. एका डिलिव्हरीवाल्या पोरानं माझा डबा आमच्या मजल्यावरच्या समोरच्या दारात ठेवला. समोर राहणाऱ्या बेन कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत. त्यांनी डबा उघडला, कोलंबी बघितली, झाकण लावलं, डब्यावर वर्तमानपत्र घातलं आणि माझी वाट बघत दारात उभ्या राहिल्या. मी हजार वेळा माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘वास सारी हती.’ वास चांगला होता! मी अजून ठरवू शकलेले नाही की ती थट्टा होती की काय. त्यानंतर जानेवारीत त्यांना उकडहंडी नेऊन दिली, लसूण न घातलेली, बायनी वेगळी छोटी हंडी लावली होती. रिकामा डबा परत आला तो त्यात गूळपापडी घेऊन.

परत जाताना सुकेळी विचारा. राजेळी केळी सोलून वाळवलेली, केळीच्याच सुक्या पानात बांधलेली, आगाशी-नंदाखालकडून येतात. रंग काळपट, चव खजूर आणि गूळ ह्यांच्या मधली. वर्षातून दोन-तीनदाच येतात. महाग आहेत, आणि करणारी घरं कमी होत चालली आहेत. बायच्या भावाच्या गल्लीत पूर्वी पाच घरं करायची, आता एक. ते घर माझ्या नऊच्या यादीतलं.

वेळ दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री फक्त पार्सल. सोमवार बंद. आठच खुर्च्या आहेत, म्हणून रविवारचं शनिवारी दुपारपर्यंत कळवा. फोन नंबर मी इथं देणार नाही, एकदा जाऊन घेऊन या. डबा घरचा न्या, झाकण घट्ट असलेला. खिडकीशेजारची खुर्ची रविवारी एक वाजता रिकामी दिसली तरी बसू नका, मी वाटेत असते.